मूळ इंजिनाला हात लावायचा नाही

हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. मराठीत लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि ज्या माणसाच्या हातात ती वही देऊन मी भारतात गेले तो माणूस दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळे मलाच समजावत होते, "अगं, त्याच्या लक्षात आलं नसेल." लक्षात आलं होतं. चांगलं लक्षात आलं होतं.

माझ्या वडिलांचं चिपळूणला हायवेला लागून गॅरेज होतं. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथे जायचे. आईला ते अजिबात आवडायचं नाही. मुलीच्या जातीने ग्रीसचे हात घेऊन घरात यायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. पण बाबांनी कधी हाकललं नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आत कुठे काय वाजतंय ते ऐकायचं, हे मला त्यांनी दहाव्या वर्षी शिकवलं. बारावीपर्यंत मी अख्खा कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, परत बसवत होते. मग कॉमर्सला गेले, लग्न झालं आणि मस्कतला आले. बाबा गेले तेव्हा गॅरेज भावाने भाड्याने दिलं. मी फक्त तो स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. तो कायम आमच्या अल हैलच्या घरात, स्वयंपाकघरातल्या खणात, लाटण्याशेजारी पडलेला असायचा.

ओमानमध्ये मी पंधरा वर्षं राहिले. त्या पंधरा वर्षांत आमच्या गाडीत कुठलाही आवाज आला तर तो पहिल्यांदा मला ऐकू आला. आम्ही गॅरेजात जायचो. फोरमन नवऱ्याला विचारायचा, "सर, प्रॉब्लेम क्या है?" नवरा माझ्याकडे बघायचा. मी सांगायचे, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. फोरमन ऐकून घ्यायचा आणि पुन्हा नवऱ्याकडे बघायचा. मग नवरा तेच वाक्य उच्चारायचा, आणि मग कुठे फोरमनची मान हलायची. नवऱ्याला गाडीतलं पेट्रोल कुठे भरायचं एवढंच माहीत. तो कॉन्ट्रॅक्ट विभागातला माणूस, कागदावर हुशार. पण मान हलायची ती त्याच्याच शब्दाला. आमच्या मराठी मंडळात तर मी पुरणपोळीसाठी प्रसिद्ध होते. गाड्यांवर गप्पा सुरू झाल्या की मला कुणीतरी प्रेमाने आत पाठवायचं, "वहिनी, चहाचं बघता का जरा?"

तर, ती गाडी मला सापडली. मला. हे मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे, कारण मंडळात ही गोष्ट आजही "त्यांना खाबुऱ्याला गाडी सापडली" अशी सांगतात.

हिवाळ्यातला शुक्रवार होता, तिकडचा सुट्टीचा दिवस. आम्ही मस्कतपासून दोनेक तासांवरच्या खाबुऱ्याला गेलो होतो. तिथल्या शेतांवर लिंबं आणि शेवग्याच्या शेंगा ताज्या मिळतात. एका शेतावर नवरा लिंबं निवडत होता आणि मी उगाच मागच्या बाजूला फिरत होते. तिथे खजुराच्या झावळ्यांची एक शेड होती, पुढे शेळ्या बांधलेल्या. झावळ्यांच्या फटीतून मला लाल काचेचा लांबट दिवा दिसला. मी शेळ्या ओलांडून आत गेले. धुळीचा बोटभर थर, टायर जमिनीला चिकटलेले, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. पण ओळखायला एक क्षणही लागला नाही. बाबांच्या गॅरेजात एका जुन्या इंग्रजी मासिकाचं पान भिंतीला चिकटवलेलं होतं, त्यावर हीच जात होती. अमेरिकेत सत्तर सालाच्या आसपास तरुण पोरांना वेड लावायला अशा गाड्या काढल्या होत्या. दारं दोनच, आत जागा बेताची, आणि लांबलचक बॉनेटखाली ट्रकला शोभेल असं आठ सिलिंडरचं इंजिन. बाबा त्या पानाकडे बघत बघत जेवायचे. प्रत्यक्षात त्यांनी अशी गाडी एकदाही पाहिली नाही.

मी बॉनेट उचलायला लागले तेवढ्यात मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, "कौन है?"

शेताच्या मालकाची आई होती. सत्तरीच्या पुढची, भिंतीला हात लावत लावत येणारी. दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. उजेड आणि सावली एवढंच तिला कळायचं. तिचं माहेर मस्कतच्या मत्रह बंदरातलं, भारतीय व्यापाऱ्यांच्या शेजारातलं, त्यामुळे हिंदी लहानपणापासून कानावर होतं. मी तिला अम्मा म्हटलं. तिने माझा हात धरला, बोटं चाचपली, आणि बोटांना लागलेली धूळ आणि ओंगण ओळखून विचारलं, "तुम इसको जानती हो?" मी म्हटलं, जानती हूँ. तेव्हापासून ती मला बिंती म्हणू लागली. बिंती म्हणजे माझी लेक.

गाडी तिच्या नवऱ्याची होती. तो तरुणपणी कुवेतला ड्रायव्हर होता. परत येताना त्याने ही गाडी जहाजावर चढवून मत्रहला उतरवली आणि स्वतः चालवत खाबुऱ्याला आणली. पुढे तो मस्कतला नोकरीला लागला आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. घराच्या अलीकडे एक कोरडी नदी आहे, तिच्या वळणावर गाडी आली की अम्माला आवाज ऐकू यायचा. आवाज आला की ती काहवा, म्हणजे तिकडची वेलदोड्याची कॉफी, चुलीवर चढवायची. गाडी अंगणात उभी राही तोवर काहवा तयार. मला तिने तोंडाने तो आवाज करून दाखवला. डुग-डुग, डुग, डुग-डुग. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा. मला हसू आलं नाही. त्या इंजिनाचा संथ चालतानाचा आवाज असाच असतो, आणि बाई वीस वर्षांनंतरही तो ठोका नेमका त्याच जागी चुकवत होती.

तिचा नवरा वारल्यापासून गाडी त्या शेडमध्ये होती. आता मुलाला ती जागा शेळ्यांसाठी पक्की बांधायची होती. गाडी भंगारात जाणार होती. अम्मा म्हणाली, "रंग मुझे नहीं दिखेगा, बिंती. मेरे को एक बार आवाज सुना दो, बस. फिर ले जाओ, तोड़ दो, कुछ भी करो."

मी तिथल्या तिथे शब्द दिला. नवऱ्याला विचारलं नाही. हा माझा गुन्हा असेल तर तो मला मान्य आहे.

तिचा मुलगा सोहारला सरकारी कचेरीत होता, अतिशय अदबीचा माणूस. आम्हाला बसवून खजूर, काहवा सगळं केलं. पण पूर्ण तासभर तो माझ्या नवऱ्याशी बोलला. गाडी दुरुस्त करायचा विचार माझा आहे हे नवऱ्याने दोनदा सांगितलं, तरी तिसऱ्या वाक्याला तो पुन्हा त्याच्याकडेच वळायचा. शेवटी ठरलं असं की गाडी अम्माचीच राहील, नावावर वगैरे काही करायचं नाही. आम्ही ती चालू करून एकदा घरी आणायची. वर्ष संपेपर्यंत झालं नाही तर भंगारवाला. नवऱ्याने माझ्या वतीने "इन्शाल्ला" म्हटलं आणि हात मिळवला.

पुढचे सलग चार शुक्रवार आम्ही खाबुऱ्याला गेलो. वीस वर्षं उभं असलेलं इंजिन एकदम चावी फिरवून चालू करायचं नसतं, आतलं आत सगळं ओरबाडून निघतं. बाबांची पद्धत अशी की आठही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतायचं, आणि वाट बघायची. घाई करायची नाही. दोन प्लग काही केल्या निघेनात. त्यांच्या मुळाशी तेल सोडून आठवडाभर तसेच ठेवले आणि पुढच्या शुक्रवारी ते सुटले. नवरा झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचा. त्या दिवसांत मी त्याच्यावर खूश होते, हेही लिहायला हवं. कुरकुर न करता तो एवढ्या लांब गाडी चालवायचा.

चौथ्या शुक्रवारी मी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला, त्यावर चार फुटांचा पाइप चढवला आणि अंगातला सगळा जोर टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा आत कुठेतरी कुरकुरलं आणि पाइप दोन बोटं खाली आला. अम्मा दोन्ही तळवे गाडीच्या मडगार्डावर ठेवून उभी होती. तिला ते हातातून कळलं.

"चली?" तिने विचारलं.

"चली नहीं अम्मा, हिली."

तिने माझ्या घामाने भिजलेल्या कपाळाचा मुका घेतला. बाबा गेल्यानंतर माझ्या कामाला कुणी अशी दाद दिली नव्हती. मी तिथेच, शेळ्यांच्या मध्ये उभी राहून रडले.

मग मी दोनशे पानी वही आणली आणि बेत लिहून काढला. पहिल्या पानावर ते वाक्य. पुढे कामाचा क्रम, बाबांनी शिकवलेला. आधी इंजिनाला श्वास द्यायचा, म्हणजे कार्ब्युरेटर, पेट्रोलचा पंप, उंदरांनी खाल्लेल्या वायरी. मग ब्रेक. मग टाकी आणि रेडिएटर. मागचे दोन सायलेन्सर सगळ्यात जपायचे, कारण त्यांचा पत्रा बदलला की आवाज बदलतो. रंग, सीट, आरसे हे सगळं अगदी शेवटी, आणि नाही झालं तरी चालेल. प्रत्येक पानावर मी आकृती काढली. कुठला बोल्ट उलट्या आट्याचा आहे तेसुद्धा लिहिलं.

सीबच्या पलीकडे औद्योगिक वस्तीत एक गॅरेज होतं. गाडी ट्रकवर चढवून तिथे नेली. फोरमन पंजाबकडचा, हाताने कामसू, पण नजर तीच, नवऱ्याकडे. बॉनेट उघडून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "सर, ये इंजन तो खलास. जापानी सिक्स सिलिंडर डाल देते हैं. मक्खन चलेगी. और इसमें एसी भी नहीं है."

मी म्हटलं, इंजिन हेच राहणार. मी ते हाताने फिरवून पाहिलं आहे. तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडम को समझाइये."

आणि माझा नवरा हसला. मोठ्याने नाही, पुरुष पुरुषांकडे बघून हसतात तसं, अर्धं. पुढे जे झालं ते सगळं त्या हसण्यातच ठरलं होतं. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

जून आला. आखातातल्या मराठी घरांचा एक शिरस्ता आहे. शाळांना सुट्टी लागली की बायका-मुलं भारतात आणि पुरुष दोन महिने मागे. मग हे उन्हाळी ब्रह्मचारी संध्याकाळी एकमेकांकडे जमतात, खिचडी लावतात आणि काहीतरी उद्योग शोधतात. एरवी त्यांचा उद्योग म्हणजे कॅरम. त्या वर्षी त्यांना माझी गाडी मिळाली.

मी कुठे होते? मी साताऱ्याला होते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याच्या आईला उठवत होते, बसवत होते, वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारवत होते. रोज फोनवर विचारायचे, "अहो, गाडीचं काय?" तिकडून उत्तर यायचं, "चाललंय, इन्शाल्ला." ज्या माणसाने जन्मात देवाला उदबत्ती लावली नाही त्याच्या तोंडी हा शब्द कुठून आला? खाबुऱ्याची अम्मा इन्शाल्ला म्हणायची तेव्हा त्यात श्रद्धा असायची. हा म्हणायचा तेव्हा त्यात फक्त पुढचा प्रश्न थांबवायचा असायचा. फोटो पाठवा म्हटलं तर म्हणायचा, धूळ आहे, लाइट नाही, नंतर पाठवतो.

ऑगस्टच्या शेवटी मी आणि मुलगी परतलो. विमानतळावरून घरी आलो तर बिल्डिंगच्या आवारात मंडळाचे दहा-बाराजण उभे. कुणी बटाटेवडे केले होते, कुणी जिलेबी आणली होती. मध्ये रिबीन बांधलेली गाडी. गाडीला भडक नारिंगी रंग, वरून दोन पांढरे पट्टे, आत मलईच्या रंगाचं रेक्झिन, मागे ताटाएवढे दोन स्पीकर. चाकाखाली लिंबू ठेवलेलं होतं आणि नारळही आणलेला होता. सगळे एका सुरात ओरडले, "वहिनी, सरप्राइज!"

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं फक्त रंग आधी लावलाय, काम उलट्या क्रमाने केलंय, पण ठीक आहे. मग नवऱ्याने चावी हातात दिली. मी बसले आणि फिरवली.

काहीच झालं नाही असं वाटलं. मग तोंडावर एसीचा गार झोत आला आणि कळलं, गाडी चालू आहे. बाजारहाटाच्या कुठल्याही गाडीसारखी, गुळगुळीत. मागच्या सीटवरून माझी मुलगी, जिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीने अडखळतं, ती म्हणाली, "आई, ही तर आपल्या गाडीसारखीच वाजते. मग डिफरन्स काय?" तिथल्या एवढ्या माणसांत हा प्रश्न फक्त तिला पडला.

मी उतरून बॉनेट उघडलं. जपानी सहा सिलिंडर. एवढ्या मोठ्या जागेत ते बिचारं एका कोपऱ्याला बसलं होतं. बाजूला इतकी जागा उरली होती की मी आत उभी राहिले असते.

"इंजिन कुठाय?" मी विचारलं.

"हे काय, समोर आहे की," एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

"इंजिन कुठाय?"

मग हसणं थांबलं. नवरा म्हणाला, "अगं, त्याचे पार्ट मिळत नव्हते. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

सगळ्यांनी मिळून! त्या सगळ्यांत मी नव्हते. अम्माही नव्हती. कुणी रंग निवडला, कुणी स्पीकर दिले, कुणी सुट्टीच्या दिवशी गॅरेजात उभं राहून वायरी जोडल्या. दोन महिने ही माणसं खपली होती. शिव्या तरी कुणाला द्यायच्या? समोर वड्यांचं ताट धरून उभ्या असलेल्या माणसाला शिवी देता येत नाही. मी वर घरात गेले आणि दार लावून घेतलं. खाली नारळ फुटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी दुपारी आमचं भांडण झालं, असं भांडण आमच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. मी वही उघडून पहिलं पान त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, वाचलं होतं. मी विचारलं, मग? तो म्हणाला, "पंचेचाळीस डिग्रीत एसीशिवाय त्या गाडीत बसणार कोण?"

"बसायचं कुणाला होतं? ऐकायचं होतं."

"तुला आनंद व्हावा म्हणून केलं गं एवढं."

"आणि अम्मा?"

तेव्हा तो एक वाक्य बोलला. वैतागून, सहज, पाणी पिता पिता. "तिला दिसत नाही धड. त्या म्हाताऱ्या बाईला काय कळणार आहे?"

मी वही मिटली आणि तिथून उठले. मंडळातल्या बायकांचे फोन येत राहिले. नवरे किती करतात, आणि आपण जरा कौतुक करायला हवं, आणि माझ्या नवऱ्याला तर गाडीचा टायरही बदलता येत नाही, तुझा बघ. एकीने सांगितलं की बाकीच्यांना फार लागलंय, तू एकदा ग्रुपवर थँक्यू टाक. म्हणजे माझी वस्तू हरवली आणि मीच आभार मानायचे. नाही टाकलं मी थँक्यू. आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गाडी काढून त्या गॅरेजात गेले. फोरमनने माझ्या मागे पाहिलं, सर कुठे दिसतात का ते. मी म्हटलं, सर नाहीत, मी आहे, जुनं इंजिन कुठे आहे ते मला सांगा. तो म्हणाला, भंगारवाला ले गया. भंगारवाल्याकडे गेले तर त्याने सोहारच्या दिशेला हात केला. इंजिनासकट सगळं बीडाचं ओतीव लोखंड तिकडच्या भट्टीत वितळवायला गेलं होतं, महिना झाला होता. मी परत गॅरेजात आले, कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं. तेव्हा फोरमनच्या टेबलावर लक्ष गेलं. आमच्या गाडीचा कार्ब्युरेटर तिथे उभा होता, चार तोंडांचा, साफ पुसलेला. त्या चार तोंडांत त्याने बॉलपेनं खोचून ठेवली होती.

मी पेनं काढून टेबलावर ठेवली आणि कार्ब्युरेटर उचलला. तो म्हणाला, "मॅडम, सर को पूछ के..." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेनं गोळा करून खिशात खोचली.

मी खाबुऱ्याला फोन करून आधी सगळं सांगणार होते. पण नवऱ्याने अम्माच्या मुलाला माझ्याआधीच कळवून टाकलं होतं, गाडी तयार आहे, शुक्रवारी आणतो. मुलाने आईला सांगितलंही होतं. मी म्हटलं, मी येणार नाही. मग वाटलं, न जाणं म्हणजे पळून जाणं. शब्द मी दिला होता.

शुक्रवारी सकाळी निघालो. नवरा नारिंगी गाडी चालवत होता, मी शेजारी, मांडीवर पिशवीत कार्ब्युरेटर. रस्ताभर लोक खिडकीतून हात करत होते, अंगठा दाखवत होते. नवऱ्याचा चेहरा खुलत गेला. "बघ, कशी चालतेय," तो म्हणाला. एसी छान गार होता. कोरड्या नदीच्या वळणावर मी काच खाली केली. बाहेर वारा आणि रस्त्यावर टायर घासल्याचा आवाज, बाकी काही नाही. "काच लाव ना, गरम हवा येतेय," तो म्हणाला. मी लावली नाही.

अंगणाचं फाटक उघडं होतं. अम्मा चटईवर बसली होती. नवीन फुलाफुलांची ओढणी, आणि ऊदाचा वास दारापर्यंत येत होता. समोर तबकात छोटे पेले पालथे घातलेले. चुलीत निखारे पेटवून ठेवले होते आणि शेजारी काहव्याची किटली. किटली चुलीवर नव्हती. गाडी तिच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली. तिने आमच्याकडे तोंडसुद्धा वळवलं नाही. तिचा कान फाटकाकडे, रस्त्याकडे होता.

मुलगा आतून धावत आला. "माशाल्ला, माशाल्ला," म्हणत त्याने गाडीभोवती फेरी मारली, नवऱ्याला मिठी मारली, मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. खरंच खूश झाला होता तो. मी उतरून अम्माजवळ जाऊन बसले. तिने माझा हात ओळखला, दोन्ही हातांत घेतला.

"बिंती, आ गई तुम? दूसरी गाड़ी में आई?" ती हसून म्हणाली. "वो पीछे आ रही है ना? कितनी दूर है? काहवा चढ़ाऊँ?"

मुलाचं फोटो घेणं थांबलं. नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, हातात चावी. पंधरा वर्षं माझ्या वतीने बोलणारा माणूस. गॅरेजात, बँकेत, या अंगणातसुद्धा. तो खाली वाकला आणि माझ्या कानाशी मराठीत म्हणाला, "अगं, सांग ना तिला काहीतरी."

मी पिशवीतून कार्ब्युरेटर काढून त्याच्या हातात दिला आणि बाजूला सरकून चटईवर त्याला जागा करून दिली.

"मी नाही," मी म्हटलं. "बसा इथे, आणि तुम्ही सांगा. तिला सगळं कळतं."